गव्हाणीतला बाहुला

डिसेंबर लागला की आमच्या चर्चच्या मंडळीतल्या महिला संघाच्या बायका माझ्याकडे येतात. येताना हातात शेवग्याच्या शेंगा नाहीतर घरची केळी असतात, त्यामुळे त्यांना दारातून परत पाठवता येत नाही. "मॅडम, यंदा तुम्ही थोडं बोला. नाताळाचा आध्यात्मिक अर्थ," असं त्या म्हणतात. मी चहा टाकते आणि नाही म्हणते. त्या समजतात की वय झालं, गुडघे दुखतात, माईकसमोर उभं राहवत नसेल. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण कारण ते नाही. त्या विषयावर मला पाच वाक्यं शांतपणे बोलता येत नाहीत. सहाव्याला माझा आवाज चढतो, आणि समोरच्या बायका कापसाचा बर्फ चिकटवलेल्या त्या झाडाकडे बघायला लागतात. कापूस आम्हा खानदेशातल्या लोकांना काय नवा आहे! तो खुशाल चिकटवा, माझं काही म्हणणं नाही. अर्थ मात्र मला विचारू नका. विचारलात तर मी तुम्हाला धुळ्यातल्या एका सकाळची गोष्ट सांगणार, आणि मग तुमचा केक कोरडा लागणार.

आम्ही धुळ्याला मिशन कंपाउंडात राहायचो. बैठी कौलारू घरं, मध्ये देऊळ – आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो – आणि देवळाला लागून पपांची शाळा. पपा तिथं मास्तर होते आणि मंडळीचे पंचही होते. देवळाच्या कारभाराची पाच-सहा माणसं पंच म्हणून निवडली जायची, त्यांत पपांचा शब्द चालायचा. बोलणं शुद्ध, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. आई धरणगावची. तिचं शुद्ध मराठी पाहुण्यांपुरतं असायचं. राग आला, हसू आलं, किंवा दूध उतू गेलं की ती सरळ खानदेशीत यायची. पपांना ते आवडायचं नाही. "मुलींसमोर नीट बोलावं," म्हणायचे. आई म्हणायची, "मी नीटच बोली राहिनू," आणि पुढे तसंच चालू ठेवायची.

नाताळ जवळ आला की आमच्या घराला वास सुटायचा. करंज्यांचं सारण, अनारशांचं आंबूस पीठ, आणि एका बाजूला काळ्या मसाल्यासाठी चुलीत भाजलेले कांदे आणि खोबऱ्याच्या वाट्या. करंजी गोड, मसाला तिखट, दोन्हींचा धूर एकाच खोलीत. खानदेशातली डिसेंबरची थंडी अशी की सकाळी तोंडातून वाफ निघते आणि दुपारी स्वेटर काखेत मारावा लागतो. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन आम्ही बहिणी चांदणी करायचो, ती दारावर टांगली की वाऱ्यानं फडफड वाजत राहायची. देवळातून पेटीचा आवाज यायचा. पेटीचा भाता फाटका होता, म्हणून प्रत्येक सुराआधी एक सुस्कारा ऐकू यायचा. ती गाणी मी अजून सुस्काऱ्यासकटच गुणगुणते.

आमच्या मंडळीत एक रीत होती. दुसऱ्या कुठल्या गावी मी ती पाहिली नाही. नाताळच्या उपासनेत ख्रिस्तजन्माचा देखावा असायचा, मेंढपाळ, भेटी घेऊन येणारे मागी राजे, योसेफ, मरिया, सगळं इतरांसारखंच. पण गव्हाणीत ठेवायचं बाळ खरं असायचं. मंडळीत त्या वर्षी जन्मलेलं सगळ्यांत लहान लेकरू. ते काळं असो, गोरं असो, मास्तरचं असो की देवळाच्या झाडूवाल्या बाईचं, जे सगळ्यांत नवं ते गव्हाणीत. गव्हाण सुताराकडून केलेली, खरी, लाकडी. तिच्यात कडबा पसरायचा, वर आईची गोधडी. कडबा टोचला की बाळ भोकाड पसरायचं आणि त्या रडण्यातच पहिलं गाणं सुरू व्हायचं. माझी मोठी बहीण करुणाताई त्यात निजली होती, मीही निजले होते. लहानपणी कुणी चिडवलं की मी सांगायची, "मी एका वर्षीची येशू होते." पपा यावर माझा कान धरायचे, पण हसायचे.

आमच्या देवळाचे धर्मगुरू, पाळकसाहेब, दर वर्षी तोच संदेश द्यायचे, आणि तो चांगला होता, हे मी आजही नाकारत नाही. देव वर बसून हुकूम सोडत होता, संदेष्टे पाठवत होता, त्यानं भागलं नाही. मग तो स्वतः उठला आणि आला. माणसाचा देह घेऊन आला. देहाला भूक लागते, देह अंथरूण ओलं करतो, रडतो. असल्या देहात देव आला, आणि येण्याआधी कुणाला पात्र होऊन दाखवा म्हणाला नाही. मला हे देवळाच्या सतरंजीवर बसून कधी नीट कळलं नसतं. त्या गव्हाणीतल्या ओल्या गोधडीमुळे कळलं, कारण उपासनेनंतर ती धुवायचं काम आम्हा मुलींकडे असायचं.

करुणाताई नर्स झाली आणि जळगावला सरकारी दवाखान्यात लागली. तिथं एक्स-रे काढायला सिद्धार्थ होता. पाचोऱ्याचा, बौद्ध घरातला, हळू बोलणारा. दोघांनी कचेरीत जाऊन लग्न केलं. त्यानं धर्म बदलला नाही, तिनंही बदलला नाही. पंचांनी बैठक घेऊन ताईला शिस्तीखाली घातलं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शिस्तीखाली घातलेल्या माणसाला देवळात येता येतं, पण मागे बसायचं. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस वाढणारा त्याच्यापर्यंत आला की पुढे सरकतो. मंडळीपुढे उभं राहून चूक कबूल केली, क्षमा मागितली, की शिस्त उठते. ठराव झाला तेव्हा पपांनी हात वर केला होता. कुणी त्यांना सांगितलं होतं, मास्तर, तुमच्या मुलीची गोष्ट आहे, तुम्ही बाहेर बसा. ते बसले नाहीत. "नियम सर्वांना सारखा," असं घरी येऊन आम्हाला सांगितलं, आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं. ते समाधान मला आजही सहन होत नाही. दुःखानं हात वर केला असता तर मी कदाचित विसरले असते.

दोन नाताळ ताई आली नाही. तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात तिला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली साधी चाल, तीही तिच्या वाट्याला आली नाही; आईच पिशवी भरून एस.टी.नं जळगावला जाऊन राहिली. पपा अडवायला दारात उभे राहिले होते. ती त्यांच्या बगलेतून गेली. आणि नाताळच्या आधी ती परत आली ती एकटी नाही. ताई, सिद्धार्थ, आणि दुपट्यात बाळ. सिद्धार्थच्या खांद्यावर भरिताच्या वांग्यांची पिशवी आणि हातात त्याच्या आईनं पाचोऱ्याहून पाठवलेला डिंकाच्या लाडवांचा डबा. तो वाकून पपांच्या पाया पडला. "गुरुजी, बरे आहात ना?" म्हणाला. पपा म्हणावं की नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं आपलं गुरुजी शोधून काढलं. पपांनी त्याची विचारपूस केली, प्रवास कसा झाला, ड्युटी कशी असते. अगदी सभ्यपणे, तपासणीला आलेल्या साहेबाशी बोलावं तसं.

बाळाचं नाव राहुल, बुद्धाच्या मुलाचं. पाचोऱ्याच्या आजीनं ठेवलं होतं, ताईला आवडलं होतं. घरात दिवसभर तेच चालायचं, राहुलला पाळण्यात टाक, राहुलचं दुपटं वाळलं का, राहुल बघ कसा मुठी आवळतो. आई त्याला तेल लावताना "राऊल्या, ओ राऊल्या" म्हणून लांब हेल काढायची. पपा मात्र "लेकरू" म्हणायचे. "लेकरू झोपलं का? लेकराला थंडी लागेल." पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं, आणि मग दर वेळी टोचायला लागलं. त्यांनी ते नाव एकदाही तोंडातून काढलं नाही.

आता मंडळीत त्या वर्षीचं सगळ्यांत लहान बाळ कोण, हे काही कुणाला विचारायला नको होतं. आईनं गोधडी धुऊन उन्हात टाकली. ती वाळत असतानाच संध्याकाळी पाळकसाहेब आणि पंचांपैकी नथानिएलकाका घरी आले. आईनं बश्यांत करंज्या आणि शेव मांडली. "आधी खाई ल्या, मंग काय ते बोला," ती म्हणाली. ते कशाला आलेत हे तिला कळलं होतं.

पाळकसाहेबांनी करंजी खाल्ली, हात पुसले आणि ताईकडे वळले. "बेटी, फार सोपं आहे. नाताळच्या सकाळी उपासनेआधी तू मंडळीपुढे उभी राहा. दोन शब्द बोल. चूक झाली, क्षमा असावी. शिस्त उठेल, आणि लेकरू आनंदानं गव्हाणीत ठेवू. सगळ्यांना समाधान."

ताई बाळाला पाजत होती. पदर सारखा करून म्हणाली, "चूक कोणती सांगू, साहेब? लग्न, की हा?"

"तसं नको बोलू."

"मी नीट विचारते आहे. ह्याच्या बापाशी लग्न केलं ही चूक असेल तर हाही त्या चुकीतलाच. मग त्याला गव्हाणीत कसं ठेवता? आणि हा चूक नसेल, तर मी क्षमा कशाची मागू?"

सिद्धार्थ इतका वेळ भिंतीशी बसला होता. तो म्हणाला, "साहेब, माझी काही हरकत नाही बाळाला ठेवायला. माझी आई म्हणाली, देवाच्या दारी नेतोस तर ने. पण हिला खाली मान घालून उभं करू नका. तेवढं नको."

पाळकसाहेबांनी पपांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला वाटलं, आता तरी. आता हा माणूस म्हणेल, माझा नातू आहे, ठेवा. पपांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "करुणा, नियम मी माझ्या घरासाठी वाकवू शकत नाही," ते म्हणाले.

"मग यंदा बाहुला ठेवू," नथानिएलकाका लगेच म्हणाले. ते घरूनच ठरवून आले होते. "आमच्या मुलीनं मुंबईहून आणलाय, छान आहे. तसंही लेकरं रडतात, उपासनेत व्यत्यय येतो. बऱ्याच जणांची तक्रार होती."

आई बश्या उचलत होती, ती तशीच थांबली. "बठ्ठा पोरे त्याच गव्हाणमा निजनात," ती म्हणाली. "मना नातूले काय काटा शेतस?" बठ्ठा म्हणजे सगळी; त्यांत ताई आणि मीही आलो. पपा म्हणाले, "पाहुण्यांसमोर नीट बोलावं." मी तिथं होते. ते खरंच एवढंच म्हणाले.

त्या वर्षी देखाव्यातली मरिया मी होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आणि महिनाभर आधीच माझं नाव ठरलं होतं. मी पपांना सांगितलं, मी बसणार नाही. ते म्हणाले, ऐन वेळी मरिया कुठून आणायची? म्हणजे बाळ ऐन वेळी बदलता येत होतं, मरिया मात्र येत नव्हती. ताई म्हणाली, "तू बस गं. साडी तरी निळी छान दिसेल." तिचं हसू बघून मला रडायला आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

नाताळची सकाळ. घंटा वाजली, देऊळ भरलं. खाली सतरंजीवर बायका, मुलं, बाजूच्या बाकांवर पुरुष, पुढे एका बाजूला पंचांच्या खुर्च्या. मी गव्हाणीशी गुडघे टेकून बसले होते. आत कडबा, कडब्यावर नथानिएलकाकांच्या घरची रेशमी उशी, आणि उशीवर तो बाहुला. गुलाबी गाल, निळे डोळे, सोनेरी केस. आडवा केला की डोळे मिटायचा, पोट दाबलं की चीं करायचा. देखावा बसवणाऱ्या बाई मला कानात सांगून गेल्या, "त्याच्याकडे मायेनं बघ." मी त्या प्लॅस्टिककडे बघितलं. बघत राहिले. लोकांना वाटलं असेल, किती तल्लीन झाली आहे पोरगी. माझे दात इतके आवळलेले होते की नंतर दिवसभर जबडा दुखत होता.

ताई सगळ्यांत मागे, दाराशी बसली होती. आई तिच्याशेजारी, आपली नेहमीची पुढची जागा सोडून. सिद्धार्थ बाहेर पायऱ्यांवर. गाणी झाली, मेंढपाळ येऊन गेले, राजे आले. मग पाळकसाहेब उभे राहिले आणि त्यांनी तोच संदेश सुरू केला. देव उठला आणि आला. देहधारी झाला. आपल्यासारखा भुकेला झाला, आपल्यासारखा रडला. आणि त्यांनी 'रडला' म्हटलं तेवढ्यात राहुल रडायला लागला.

नवजात लेकराचं ते रडणं, सगळ्या अंगातून काढलेलं. ताईनं खांद्यावर घेतलं, थोपटलं. तो थांबेना. माना वळल्या. पाळकसाहेब थांबले, हसल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "त्या बाळाला कुणीतरी बाहेर न्या. संदेश ऐकू येत नाही."

मी हे वाक्य आयुष्यात पुष्कळ वेळा मनात उगाळलं आहे. त्या माणसाचा स्वभाव वाईट नव्हता. प्लेगसारख्या तापाच्या साथीत तो घरोघर फिरला होता. मग त्याला त्या क्षणी स्वतःचं बोलणं कसं ऐकू आलं नाही? पाचशे वेळा विचार केला तरी माझा राग कमी होत नाही. ज्याच्या येण्याचा सण, तो आला तर त्याला बाहेर काढायचं आणि त्याच्याविषयी बोलणं चालू ठेवायचं. अजून किती ठिकाणी हे चालतं, मी पाहते आहे.

ताई उठली. आई पण उठली. पण ताई दाराकडे गेली आणि आई पुढे आली. सतरंजीवरच्या बायका पाय आवरून तिला वाट देत होत्या. ती गव्हाणीपाशी आली, माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं बाहुल्याला एका पायाला धरून उचललं, त्याचे डोळे टकाकन उघडले, आणि ती पंचांच्या खुर्च्यांकडे गेली. पपांच्या मांडीवर तिनं तो ठेवला.

"हाऊ ल्या तुमना देव," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण देऊळ इतकं गप्प होतं की पायऱ्यांवरच्या सिद्धार्थलाही ऐकू गेलं. "हाऊ रडत नही. मना नातू जित्ता शे, म्हनिसन रडस."

आणि ती निघाली. मी मरियेच्या निळ्या साडीतच उठले आणि तिच्यामागे गेले. मागे पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि पेटीवाल्याला गाणं सुरू करायची खूण केली असावी, कारण आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा तो सुस्कारा ऐकू आला. पपा उठले नाहीत. बाहुला मांडीवर घेऊन त्यांनी पूर्ण उपासना केली, प्रभुभोजनही घेतलं. हे मला नंतर इतरांनी कौतुकानं सांगितलं. मास्तरांचा विश्वास बघा, म्हणाले.

ताईनं सामान बांधलं. आईनं मटणाचं पातेलं उतरवून बाजरीच्या भाकऱ्या टाकल्या, कारण उपाशी पाठवणार नव्हती. सिद्धार्थ म्हणत होता, "आई, सणाचा दिवस आहे, आज इथंच राहू, गुरुजींना वाईट वाटेल." त्या घरात गुरुजींच्या वाईट वाटण्याची काळजी करणारा तो एकटाच उरला होता. आम्ही जेवून स्टँडवर गेलो. जळगावची गाडी लागलेली होती. ताईला खिडकीची जागा मिळाली, सिद्धार्थ वर पिशव्या चढवत होता, आणि तेवढ्यात पपा आले. उपासनेच्या कोटातच, घाम आलेला, चालत नाही, जवळजवळ धावत आले होते. मला वाटलं, आता तरी. हे 'आता तरी' मी त्या दिवसांत किती वेळा म्हटलं असेन.

ते खिडकीखाली उभे राहिले. मग त्यांनी उजवा हात वर केला, देवळात प्रार्थनेला करतात तसा, आणि खिडकीतून आत, बाळाच्या डोक्याकडे नेला. "प्रभू या लेकराला—"

"नाव घ्या पपा," ताई म्हणाली. तिनं बाळाला मागे ओढलं नाही, फक्त आपला हात त्याच्या टाळूवर ठेवला. "नाव घ्या त्याचं, मग हात ठेवा. ज्याला आशीर्वाद देताय त्याला नाव आहे."

पपांचं तोंड उघडं राहिलं. त्यांना नाव माहीत होतं. घरात इतके दिवस दुसरं काही चाललंच नव्हतं. त्यांनी आईकडे पाहिलं. आई कंडक्टरकडे बघत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी नजर हटवली नाही. ताई थांबली होती. खरंच थांबली होती, एवढं मी तिच्या बाजूनं साक्ष देईन. कंडक्टरनं दोनदा घंटा ओढली. ताईनं खिडकीची काच सरकवून लावून घेतली. पपांनी हात काढून घेतला म्हणून बरं, नाहीतर बोटं सापडली असती.

गाडी स्टँडच्या फाटकातून वळली, धूळ उडाली. पपा तिकडेच बघत होते. मग ते म्हणाले, "राहुल." स्पष्ट, शुद्ध, वर्गात हजेरी घेतात तसं. पुन्हा एकदा म्हणाले, "राहुल."

आई पिशवी उचलून चालायला लागली होती. मी पपांपुढे जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी तशी बोलले, आणि शब्द न् शब्द मला आठवतो. "आता कुणाला सांगताय? तो इथं नाही. जळगावची दुसरी गाडी ती बघा, लागलेली आहे. देव स्वतः उठून माणसांकडे गेला म्हणता ना? मग उठा आणि जा. त्याला जाऊन सांगा."

पपांनी त्या गाडीकडे पाहिलं. तिच्यात माणसं चढत होती, आत जागा होती. ती भरेपर्यंत ते उभे राहिले, मीही त्यांच्याशेजारी उभी राहिले. कंडक्टर दारातून "जळगाव, जळगाव" ओरडत होता, त्यानं एकदा पपांना "मास्तर, येता का?" म्हणून विचारलंही. मग तीही गाडी सुटली. पपांनी कोटाचं वरचं बटण लावलं, आणि आम्ही दोघं घरी आलो.